सर्व्हिस डॉगला परदेशात क्वारंटाइनचे नियम लागू होत नाहीत का? जॅकेट आणि ओळखपत्र पुरतं ना?

लागू होतात आणि पुरत नाही. सर्व्हिस डॉग, म्हणजे अपंग व्यक्तीच्या मदतीसाठी प्रशिक्षित कुत्रा, म्हणून त्याला मिळते ती विमानात तुमच्या पायाशी जागा. रेबीजला त्या जॅकेटशी काही देणंघेणं नाही, सीमेवरच्या पशुवैद्यालाही नाही.

घोळ होतो तो तारखांच्या क्रमात. आधी १५ अंकी आयएसओ मायक्रोचिप (कातडीखाली बसवायची ओळखीची चिप), मग रेबीजची लस. दोन्ही एकाच दिवशी चालतं. पण लस आधी आणि चिप नंतर असेल तर युरोपीय संघ ती लस धरतच नाही, कारण टोचलेला कुत्रा हाच याला पुरावा काय? युरोपीय संघाच्या मान्य देशांच्या यादीबाहेरच्या देशातून तिथे जाणार असाल तर लशीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त द्या. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत टायटर, म्हणजे रक्तातल्या रेबीजविरोधी प्रतिपिंडांचं प्रमाण, ०.५ आययू प्रति मिलिलिटर किंवा जास्त यायला हवं. मग ३ महिने थांबा, आणि ते रक्त काढल्याच्या तारखेपासून मोजा, रिपोर्टच्या नव्हे. पुढे बूस्टरची मुदत एक दिवसही उलटली तर सगळं पहिल्यापासून. जपानची यादी वेगळी; तिच्याबाहेरच्या देशातून नेताना दोन लशी, रक्त काढल्यापासून १८० दिवस थांबणं आणि ४० दिवस आधी सूचना. ब्रिटन, आयर्लंड, फिनलंड, माल्टा आणि नॉर्वेसाठी पोहोचण्याआधी २४ ते १२० तासांत फीतकृमीचं औषध, तेही पशुवैद्याकडूनच, वेळेच्या नोंदीसह.

परतीचा विचार तर कुणी करतच नाही. युरोपीय संघातून यादीबाहेरच्या देशात जाणार असाल तर टायटर निघण्यापूर्वीच करून कुत्र्याच्या पासपोर्टवर चढवा, म्हणजे परतताना ते ३ महिने वाचतात.

अमेरिकेला जाणाऱ्या विमानात परिवहन खात्याचा फॉर्म मागतात, प्रवास ८ तास किंवा जास्त असेल तर कुत्र्याच्या शी-शूबद्दलचा दुसराही. शिवाय ऑगस्ट २०२४पासून सीडीसीचा (अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेचा) फॉर्म, चिप आणि किमान ६ महिने वय. सर्व्हिस डॉगलाही सूट नाही. केबिनमधल्या जागेच्या सवलतीतून भावनिक आधाराचे प्राणी २०२१पासून विमान कंपन्यांना वगळता येतात, आणि उत्तम झालं. 'पण आमच्याकडे नोंदणीचं कार्ड आहे' हे मला कृपया ऐकवू नका. अमेरिकेत सर्व्हिस डॉगची सरकारी नोंदणीच नाही. नेटवरचं कार्ड म्हणजे पैसे देऊन घेतलेलं प्लास्टिक. असल्या कार्डवाल्यांचा कुत्रा केबिनमध्ये भुंकतो आणि संशयाने पाहिलं जातं ते खऱ्या प्रशिक्षित कुत्र्याकडे.

हां, ऑस्ट्रेलियासारख्या देशांत सहायक कुत्र्यांसाठी वेगळी प्रक्रिया आहे खरी, पण तिचा अर्ज निघण्याच्या कितीतरी आधी करावा लागतो. आणि मधे विमान बदलणार असाल तर त्या देशाचे नियमही बघा.