ब्रेक्झिट : कौल मिळाला, मग सरकार कशावर अडलं?

युरोपीय महासंघातून बाहेर पडण्याच्या करारावरून ब्रिटनमध्ये थेरेसा मे यांचं सरकार २०१९ मध्ये कसं कोलमडलं, याबद्दल वाचकांनी प्रश्न पाठवले आहेत. एकमेकांत गुंतलेले काही प्रश्न एकत्र केले आहेत. आयर्लंडच्या प्रश्नाला मुद्दाम जास्त जागा दिली आहे. माझ्या मते खरी गाठ तिथेच होती आणि आपल्याकडच्या चर्चेत नेमकी तीच निसटते.

प्रश्न : जनतेनं सार्वमतात स्पष्ट कौल दिला होता. मग तीन वर्षं घोळ का? खासदारांनीच जनतेचा निर्णय अडवला असं म्हणायचं का? (कायद्याची विद्यार्थिनी, पुणे)

२३ जून २०१६ च्या सार्वमतात ५१.९ टक्के मतं बाहेर पडण्याच्या बाजूनं पडली, ४८.१ टक्के राहण्याच्या बाजूनं. मतदानही दणदणीत झालं, ७२ टक्क्यांच्या वर. पण मतपत्रिकेवर पर्याय दोनच होते : राहायचं की बाहेर पडायचं. बाहेर पडून कुठे जायचं, हे कुणी विचारलंच नव्हतं. नॉर्वे महासंघात नाही, पण त्याच्या एकल बाजारपेठेत, म्हणजे मालाचे नियम सारखे असलेल्या सामाईक बाजारात, आहे. तुर्कस्तानचा महासंघाशी सीमाशुल्क संघ आहे, म्हणजे आपसात जकात नाही आणि बाहेरच्या मालावर जकात एकसारखी. कॅनडाचा फक्त व्यापार करार आहे. तिघेही ‘बाहेर’च आहेत, पण तिघांच्या परिस्थितीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. प्रचारात प्रत्येक वक्त्यानं आपल्याला हवं ते चित्र रंगवलं आणि मतदारानं त्यातलं आपल्याला पटलेलं चित्र डोळ्यांसमोर ठेवून मत दिलं.

निकालानंतर तेव्हाचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरन यांनी राजीनामा जाहीर केला आणि १३ जुलैला थेरेसा मे पंतप्रधान झाल्या. १७ जानेवारी २०१७ ला लंडनच्या लँकेस्टर हाउसमधल्या भाषणात त्यांनी अटी जाहीर केल्या : एकल बाजारपेठ सोडायची, सीमाशुल्क संघ त्याच्या तेव्हाच्या स्वरूपात सोडायचा, युरोपीय न्यायालयाचा अधिकार संपवायचा. या अटी मतपत्रिकेवर नव्हत्या, त्या पंतप्रधानांनी ठरवल्या. मग २९ मार्च २०१७ ला त्यांनी महासंघाच्या मूळ करारातलं बाहेर पडण्याचं पन्नासावं कलम लागू केलं. हे कलम लागू झालं की दोन वर्षांची मुदत सुरू होते. मुदत सुरू झाल्यावर त्यांनी मुदतपूर्व निवडणूक घेतली आणि ८ जूनला होतं ते बहुमतही गमावलं. २०१५ ला त्यांच्या हुजूर (कन्झर्व्हेटिव्ह) पक्षाच्या ३३० जागा होत्या, त्या ३१७ वर आल्या. ६५० च्या सभागृहात सरकार टिकवायला उत्तर आयर्लंडच्या डेमोक्रॅटिक युनियनिस्ट पक्षाच्या, म्हणजे डीयूपीच्या, १० खासदारांचा आधार घ्यावा लागला.

खासदारांनी कौल अडवला, हे मला मान्य नाही. पन्नासावं कलम लागू करण्याचं विधेयक फेब्रुवारी २०१७ मध्ये दुसऱ्या वाचनाला ४९८ विरुद्ध ११४ मतांनी मंजूर झालं. त्यात युरोपात राहण्याच्या बाजूचे कितीतरी खासदार होते. पुढे त्यांनी अडवला तो एक विशिष्ट करार, आणि अडवणाऱ्यांत ब्रेक्झिटचे सर्वांत कट्टर पुरस्कर्तेही होते.

प्रश्न : आयर्लंडच्या सीमेचा एवढा बाऊ का केला गेला? दोन देशांच्या मध्ये तपासणी नाके असतातच की. (निवृत्त शिक्षक, सातारा)

सर, ही नेहमीची सीमा नाही. एका बाजूला ब्रिटनचाच भाग असलेलं उत्तर आयर्लंड, दुसऱ्या बाजूला महासंघात असलेला स्वतंत्र आयर्लंड देश. सुमारे ५०० किलोमीटरच्या या रेषेवर रस्त्यांचे दोनशेहून अधिक छेद आहेत. माणसं एका बाजूला राहतात आणि दुसऱ्या बाजूला कामाला, शाळेला, दवाखान्यात जातात. उत्तर आयर्लंडमधल्या तीन दशकांच्या हिंसाचारात साडेतीन हजारांहून अधिक माणसं मेली. त्या काळात या सीमेवर लष्कराच्या चौक्या होत्या आणि त्या चौक्यांवर हल्ले होत. १० एप्रिल १९९८ च्या ‘गुड फ्रायडे करारा’नं हिंसा थांबली. पुढच्या वर्षांत चौक्या गेल्या, आणि सीमा नकाशावर राहून जमिनीवरून जवळजवळ पुसली गेली. हे शक्य झालं, कारण दोन्ही देश महासंघाच्या एकाच बाजारपेठेत होते. मालाचे नियम सारखे आणि जकात नाही, म्हणून तपासायला काही उरलंच नाही.

आता लँकेस्टर हाउसच्या अटी इथे लावून पाहा. ब्रिटन सीमाशुल्क संघ सोडणार असेल, तर महासंघाचा माल आणि ब्रिटनचा माल वेगळा होतो आणि कुठेतरी तपासणी करावीच लागते. ती कुठे करायची? आयर्लंड बेटावरच्या सीमेवर केली तर शांतता करार धोक्यात येतो. ब्रिटन आणि उत्तर आयर्लंड यांच्यामधल्या समुद्रात केली तर एकाच देशाच्या दोन भागांत जकातीची रेषा उभी राहते, जी डीयूपीला कदापि मान्य नव्हती. दोन्हीकडे नको असेल तर अख्ख्या ब्रिटननं सीमाशुल्क संघाला बांधून राहावं लागतं, जे मे यांच्याच पक्षातल्या कट्टर गटाला नको होतं. सरकारनं तीन वचनं तीन गटांना दिली होती आणि त्यातली कुठलीही दोनच एका वेळी पाळता येत होती.

मे यांच्या करारात यावर ‘बॅकस्टॉप’ नावाची तरतूद होती. पुढच्या वाटाघाटींतून दुसरा उपाय निघेपर्यंत संपूर्ण ब्रिटन आणि महासंघ एकाच सीमाशुल्क क्षेत्रात राहतील आणि उत्तर आयर्लंड काही जादा नियम पाळेल, असं तिचं स्वरूप. ब्रिटनला तिच्यातून एकतर्फी बाहेर पडता येणार नव्हतं. ब्रेक्झिटवाद्यांना तो कायमचा सापळा वाटला. मार्च २०१९ मध्ये खुद्द सरकारचे ॲटर्नी जनरल जेफ्री कॉक्स यांनी लेखी मत दिलं की हा कायदेशीर धोका कायम आहे. त्याच संध्याकाळी करार सभागृहात दुसऱ्यांदा पडला; पहिल्या पराभवाबद्दल पुढच्या उत्तरात.

मला मे यांच्याबद्दल आदर आहे. शांतता करार धोक्यात घालायचा नाही, ही भूमिका त्यांनी सोडली नाही. पण या तीन वचनांचा मेळ बसत नाही, हे २०१७ च्या सुरुवातीलाच देशाला स्पष्ट सांगण्याची जबाबदारी त्यांची होती, आणि ती त्यांनी पार पाडली नाही. मे यांच्यानंतर पंतप्रधान झालेल्या बोरिस जॉन्सन यांनी समुद्रातल्या रेषेचा पर्याय निवडला. त्यातून तपासणी सुरू झाली, डीयूपीनं फेब्रुवारी २०२२ मध्ये प्रांतिक सरकारातून अंग काढून घेतलं आणि बेलफास्टचं सरकार दोन वर्षं ठप्प राहिलं. ते फेब्रुवारी २०२४ मध्ये पुन्हा उभं राहिलं.

प्रश्न : २३० मतांनी हरूनही सरकार पडलं कसं नाही? आणि पक्षाचा व्हीप मोडणाऱ्या खासदारांवर अपात्रतेची कारवाई का झाली नाही? (वकील, कोल्हापूर)

१५ जानेवारी २०१९ ला करार ४३२ विरुद्ध २०२ मतांनी फेटाळला गेला. आधुनिक काळात ब्रिटिश सरकारचा सभागृहात एवढा मोठा पराभव झालेला नाही. हुजूर पक्षाच्याच ११८ खासदारांनी विरोधात मत दिलं. दुसऱ्याच दिवशी अविश्वास ठराव आला आणि तो ३२५ विरुद्ध ३०६ असा फेटाळला गेला. आदल्या रात्री सरकारला हरवणारे हुजूर आणि डीयूपीचे खासदार त्या दिवशी सरकारच्या मागे उभे होते.

याची दोन कारणं. पहिलं कायद्याचं. पूर्वी पंतप्रधान एखाद्या महत्त्वाच्या प्रश्नाला विश्वासाचा प्रश्न बनवू शकत : हे मंजूर करा, नाहीतर निवडणुकीला तयार राहा. २०११ च्या ठरावीक मुदतीच्या संसदेच्या कायद्यानं ही ताकद काढून घेतली. सरकार पाडायचं तर ठरलेल्या शब्दांतला अविश्वास ठरावच हवा. मुदतपूर्व निवडणुकीसाठी सभागृहाच्या एकूण जागांच्या दोन तृतीयांश, म्हणजे ४३४ मतं हवीत. (हा कायदा २०२२ मध्ये रद्द झाला.) त्यामुळे सरकार कारभाराचा मुख्य विषय हरलं तरी सत्तेवर बसून राहू शकत होतं. दुसरं कारण राजकीय. बंडखोरांना करार नको होता, पण मजूर पक्षाचे जेरेमी कॉर्बिन पंतप्रधान झालेलेही नको होते.

आता व्हीपचं. आपल्याकडे १९८५ मध्ये आलेल्या राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टामुळे व्हीपविरुद्ध मत दिलं आणि पक्षानं १५ दिवसांत माफ केलं नाही, तर सदस्यत्व जाऊ शकतं. २०२२ मधल्या शिवसेनेतल्या फुटीनंतर व्हीप नक्की कुणाचा, हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि ११ मे २०२३ ला न्यायालयानं सांगितलं की प्रतोद नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा आहे, विधिमंडळ पक्षाचा नाही. ब्रिटनमध्ये असा कायदाच नाही. पक्ष खासदाराला फार तर आपल्या गटातून काढू शकतो. त्याची जागा मतदारांनी दिलेली, ती त्याच्याकडेच राहते. सप्टेंबर २०१९ मध्ये जॉन्सन यांनी २१ खासदारांना असं काढलं. त्यात माजी अर्थमंत्री केनेथ क्लार्क आणि फिलिप हॅमंड होते, चर्चिल यांचे नातू निकोलस सोम्सही होते. सगळे खासदार राहिले.

तुमच्या प्रश्नात ही त्यांची उणीव आहे असं सुचवलंय. मला उलट वाटतं. दहावं परिशिष्ट तिथे असतं तर तो करार पहिल्याच दिवशी मंजूर झाला असता, आणि त्यातला आयर्लंडचा पेच सभागृहात कुणी उलगडूनच दाखवला नसता. खरेदी-विक्री रोखण्यासाठी केलेल्या आपल्या कायद्यानं मतभेद व्यक्त करण्याची जागाही संपवली, याचं मला मनापासून दुःख आहे.

प्रश्न : सभापतींनी सरकारला तोच करार पुन्हा मांडू दिला नाही, हे खरं का? (अंबाजोगाई)

खरं आहे. एकाच अधिवेशनात तोच प्रस्ताव पुन्हा मतदानाला आणता येत नाही, या १६०४ पासूनच्या प्रथेचा दाखला सभापती जॉन बर्को यांनी १८ मार्च २०१९ ला दिला. म्हणून २९ मार्चला, म्हणजे मूळ ठरलेल्या ब्रेक्झिटच्याच दिवशी, सरकारनं भावी संबंधांचा जाहीरनामा बाजूला ठेवून फक्त माघार करार मांडला. तोही ३४४ विरुद्ध २८६ असा पडला. याच दिवसांत खासदारांनी स्वतः पर्याय शोधून पाहिले : २७ मार्चला आठ, १ एप्रिलला चार. एकालाही बहुमत मिळालं नाही. सीमाशुल्क संघाचा पर्याय अवघ्या तीन मतांनी गेला, २७६ विरुद्ध २७३. त्या तीन मतांचा विचार माझ्या मनातून जात नाही. मुदत वाढत गेली, २४ मे ला मे यांनी पद सोडत असल्याचं जाहीर केलं आणि त्याच आठवड्यातल्या युरोपीय निवडणुकीत हुजूर पक्षाला फक्त ४ जागा मिळाल्या.

प्रश्न : पंतप्रधान संसदच बंद करू शकतात? मग न्यायालयाचा संबंध काय? (नागपूर)

अधिवेशन संपवण्याचा अधिकार राजमुकुटाचा आणि तो पंतप्रधानांच्या सल्ल्यानं वापरला जातो. ऑगस्ट २०१९ च्या शेवटी जॉन्सन यांनी राणीला तसा सल्ला दिला आणि संसद पाच आठवडे बंद राहणार असं ठरलं. तेव्हा बाहेर पडण्याची मुदत होती ३१ ऑक्टोबर. म्हणजे चर्चेची गरज सर्वाधिक असताना सभागृहाला कुलूप. २४ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाच्या ११ न्यायाधीशांनी एकमतानं हा सल्ला बेकायदा ठरवला : संसदेला तिचं काम करण्यापासून वाजवी कारणाविना रोखता येत नाही. निकाल अध्यक्षा लेडी हेल यांनी वाचला आणि दुसऱ्या दिवशी खासदार परत बसले. लिखित राज्यघटना नसलेल्या देशात हे घडलं, हे आपल्याकडच्या घटनेच्या अभ्यासकांनी जरूर वाचावं.

प्रश्न : बाहेर पडून ब्रिटनला स्वतःचे व्यापार करार करता आले. भारताशीही झाला. मग फायदा झालाच ना? (निर्यातदार, इचलकरंजी)

भारत–ब्रिटन करारावर २४ जुलै २०२५ ला सह्या झाल्या, आणि सीमाशुल्क संघात राहून ब्रिटनला असा स्वतंत्र करार करता आला नसता, हे खरं. तुमच्या कापडासाठी तो महत्त्वाचा आहे. पण ब्रिटनच्या बाजूनं पाहिलं तर आकडे वेगळं सांगतात. या करारामुळे दीर्घकाळात वर्षाला सुमारे ४८० कोटी पौंडांची भर पडेल, असा तिथल्या सरकारचा अंदाज आहे. महासंघ सोडल्यामुळे अर्थव्यवस्थेची उत्पादकता दीर्घकाळात ४ टक्क्यांनी कमी राहील, असं तिथलंच अंदाजपत्रकीय उत्तरदायित्व कार्यालय धरून चालतं. दोन्हींची बरोबरी होत नाही. सह्या झाल्या त्या चेकर्समध्ये, पंतप्रधानांच्या त्याच निवासस्थानी जिथे जुलै २०१८ मध्ये मे यांनी मंत्रिमंडळाला एकत्र बसवून आपली योजना मान्य करून घेतली होती. त्यानंतर दोन-तीन दिवसांतच ब्रेक्झिटमंत्री डेव्हिड डेव्हिस आणि तेव्हाचे परराष्ट्रमंत्री बोरिस जॉन्सन राजीनामा देऊन बाहेर पडले.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ पोर्तुगीज पासपोर्टवर स्विंडनला गेला, २०१७ पासून तिथेच आहे. आता पुतण्याला त्याच मार्गानं जायचंय. जमेल का? या सगळ्या भांडणाचा आम्हाला काय अर्थ? (मडगाव)

तुमच्या घरासाठी अर्थ फार मोठा आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व घेता येतं, म्हणून हजारो गोवेकर महासंघाचे नागरिक या नात्यानं इंग्लंडमधल्या स्विंडन, साउथॉलला गेले. संसदेनं तीनदा फेटाळलेल्या त्या ५८५ पानी कराराचा दुसरा भाग याच लोकांच्या हक्कांचा होता. जॉन्सन यांनी आयर्लंडचा भाग बदलला, हा भाग जवळपास तसाच राहिला. करार न होता ब्रिटन बाहेर पडलं असतं, तर भावाचे हक्क आंतरराष्ट्रीय करारावर नाही, नुसत्या तिथल्या सरकारच्या शब्दावर उभे राहिले असते.

भाऊ ३१ डिसेंबर २०२० पूर्वीपासून, म्हणजे महासंघाच्या नागरिकांची मुक्त ये-जा संपण्याआधीपासून, तिथे आहे. त्यानं ‘ईयू सेटलमेंट स्कीम’मध्ये ३० जून २०२१ च्या मुदतीत अर्ज केला असेल, तर त्याला आधी तात्पुरता आणि सलग पाच वर्षांच्या वास्तव्यानंतर कायमचा दर्जा मिळतो. अर्ज राहून गेला असेल तर उशिराचा अर्ज योग्य कारण दाखवूनच घेतला जातो, तेव्हा वेळ न घालवता तिथल्या अधिकृत सल्लागाराला गाठायला सांगा. हा दर्जा ऑनलाइन असतो, म्हणून पासपोर्ट नवा केला की त्याचा क्रमांक खात्यात बदलायला विसरू नये. कायमचा दर्जा असलेला माणूस सलग पाच वर्षांहून जास्त काळ देशाबाहेर राहिला तर तो दर्जा जातो.

पुतण्याला मात्र तो मार्ग बंद झाला आहे. पोर्तुगीज पासपोर्टवर तो आजही लिस्बनला, पॅरिसला किंवा डब्लिनला जाऊन नोकरी करू शकतो, पण स्विंडनमध्ये कामासाठी त्याला इतर परदेशी माणसासारखाच व्हिसा लागेल. आणि पोर्तुगीज नागरिकत्व स्वीकारलं की भारतीय नागरिकत्व संपतं. केवळ इंग्लंडच्या ओढीनं तो कागद करत असेल, तर लिस्बनच्या नोंदणी कार्यालयात अर्ज टाकण्यापूर्वी त्याला हे नीट समजावून सांगा.