कामानिमित्त सतत फिरती असते. सायकलिंगचं ट्रेनिंग कसं टिकवावं?

महिन्यातले बरेच दिवस फिरतीवर जातात, परत आल्यावर पहिल्याच चढावर दम लागतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते, असं तुम्ही लिहिलंय. माझीही नोकरी फिरतीचीच. तर आधी हे सांगतो, की पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, फक्त तसं वाटतं. सराव थांबला की थोड्याच दिवसांत रक्तातला प्लाझ्मा, म्हणजे पातळ भाग, कमी होतो. एका ठोक्यात कमी रक्त पुढे ढकललं जातं, म्हणून नेहमीच्याच वेगाला हृदयाची धावपळ वाढते. पण हे जितकं लवकर उतरतं तितकंच लवकर भरूनही येतं. पायांतली खरी कमाई इतक्या झटपट जात नाही.

1980च्या दशकात रॉबर्ट हिक्सन या अमेरिकन संशोधकाने यावर काही प्रयोग केले होते. आठवड्यातून सहा दिवस, रोज 40 मिनिटं जोरदार व्यायाम करणाऱ्यांचा सराव त्यांनी पुढचे 15 आठवडे कमी केला. दिवस सहावरून दोनवर आणले तरी ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता टिकली. दुसऱ्या गटात वेळ 13 मिनिटांवर आणला, तरीही ती टिकली. लांब पल्ल्याचा दम तेवढा काहीसा उतरला. व्यायामाचा जोर कमी केला तेव्हा मात्र क्षमता घसरली. फिरतीवरच्या माणसाला यातून जे घ्यायचं ते सरळ आहे: काटकसर वेळेत करा, व्यायामाच्या जोरात नको. मीटिंगनंतर दमल्या अंगाने तासभर निवांत पॅडल मारत बसण्यापेक्षा चाळीसेक मिनिटांचं एक कडक सत्र बरं. दहा मिनिटं वॉर्म-अप, मग चार मिनिटं जोरात आणि तीन मिनिटं हलकं असं चार वेळा, शेवटी पाच मिनिटं सावकाश. जोरात म्हणजे किती? एखाद-दुसरा शब्द बोलता येईल, पूर्ण वाक्य नाही, इतकं. आठवड्यात असं दोनदा झालं तर पुष्कळ झालं.

हॉटेलच्या जिममधल्या सायकलवर दिसणाऱ्या वॅटवर, म्हणजे तुम्ही किती जोर लावताय त्या आकड्यावर, विश्वास ठेवू नका. एकाच खोलीतल्या दोन सायकली वेगवेगळे आकडे दाखवतात, आणि तुमच्या घरच्या पॉवर मीटरशी (सायकलवर बसवलेल्या, जोर मोजणाऱ्या यंत्राशी) त्यांचं काही नातं नसतं. श्वास आणि हार्ट रेट बघा. हार्ट रेटही जरा सांभाळूनच, कारण बंद खोलीत समोरून वारा नसतो, अंग तापतं आणि जोर तोच असताना ठोके वाढत जातात. पंखा मागून घ्या, एसीच्या झोतापाशी बसा, पाण्याची बाटली आणि टॉवेल जवळ ठेवा.

सीटची उंची मात्र बसण्याआधीच लावा. टाच पॅडलवर ठेवून पाय सगळ्यात खाली नेला की गुडघा सरळ व्हायला हवा. मग चवडा ठेवल्यावर गुडघा आपोआप थोडा वाकलेला राहतो. या सायकलींच्या सीटला बहुधा ठरावीक अंतरावर भोकं असतात आणि तुमची उंची नेमकी दोन भोकांच्या मधे येते. अशा वेळी खालचं भोक निवडा. वरचं घेतलं की प्रत्येक पॅडलला कंबर डावी-उजवीकडे डुलते आणि दुसऱ्या दिवशी पाठ बोलायला लागते. बूट कडक तळाचे असले तर उत्तम. मऊ तळव्याच्या धावायच्या बुटांत जोर वाया जातो.

सायकलच नसेल तर जिने. चढायचं पायांनी, उतरायचं लिफ्टने. सायकलवाल्याच्या पायांना उतरण्याचे धक्के सवयीचे नसतात, मांड्या दोन-तीन दिवस धरतात. एकदम पाच किलोमीटर धावायला जाणं त्याच कारणासाठी टाळा.

आता सगळ्यात उपयोगाची गोष्ट, जी लोक सोडून देतात: कॅलेंडर. तसाही दर तीन-चार आठवड्यांनी एक हलका आठवडा लागतोच. फिरतीची तारीख आधी कळत असेल तर हलका आठवडा तिथेच टाका आणि निघण्याआधीच्या चार-पाच दिवसांत लांब राइड्स उरकून घ्या. म्हणजे प्रवासात तुम्ही सराव बुडवत नाही, विश्रांती घेत असता, आणि संध्याकाळी जिमकडे बघून अपराधी वाटायचं कारण उरत नाही. रात्रीचा प्रवास किंवा वेळेचे बरेच पट्टे ओलांडले असतील तर पहिल्या दिवशी कडक सत्र नकोच. झोप आधी. झोपेला कात्री लावून पहाटे केलेले इंटरव्हल, म्हणजे वर सांगितलेले जोरात-हलकं असे टप्पे, अंगी लागत नाहीत असं माझं स्पष्ट मत आहे.

सायकल सोबत न्यावी का, असंही तुम्ही विचारलंय. आठवड्याच्या आतल्या दौऱ्याला मी नेणार नाही. पॅडल काढा, हँडल फिरवा, डिरेलर (गिअर बदलताना साखळी सरकवणारा भाग) जपा, तिथे पोचल्यावर पुन्हा सगळं जोडा, गिअर लावा; एवढ्यात दोन सत्रं होतात. दोन आठवडे एकाच ठिकाणी मुक्काम असेल आणि जवळपास बरे रस्ते असतील तर खुशाल न्या. इलेक्ट्रॉनिक गिअर असतील तर बॅटरीबद्दल विमान कंपनीचे नियम मात्र आधी वाचा; सुटी लिथियम बॅटरी सामानात टाकता येत नाही, केबिनमध्ये जवळच ठेवावी लागते.