अवमूल्यन की घसरण?

डॉलर महागला की वर्तमानपत्रे कधी ‘रुपयाची घसरण’ असे छापतात, तर कधी ‘रुपयाचे अवमूल्यन’. हे दोन शब्द एकाच अर्थाचे मानावेत का, असा एका वाचकाचा प्रश्न आहे.

मानू नयेत. दर सरकारने किंवा मध्यवर्ती बँकेने बांधून दिलेला असतो आणि अधिकृत निर्णयाने तो खाली आणला जातो, तेव्हाच त्याला अवमूल्यन म्हणतात. म्हणजे ते कोणीतरी करावे लागते. घसरण बाजारातल्या मागणी-पुरवठ्याने होते, म्हणून रुपया घसरला, गडगडला, वधारला ही बाजारभावाच्या बातम्यांतली क्रियापदे अकर्मक आहेत. मार्च १९९३ पासून रुपयाचा दर बाजारावर सोडलेला असल्यामुळे आजच्या बातमीत ‘अवमूल्यन’ हा शब्द चुकीचाच आहे.

खरी गंमत ‘करणे’ या क्रियापदात आहे. ६ जून १९६६ रोजी भारत सरकारने डॉलरचा दर ४.७६ रुपयांवरून ७.५० रुपयांवर नेला. (डॉलर ५७.५ टक्क्यांनी महागला, पण रुपया ३६.५ टक्क्यांनीच उतरला. दोन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त कोणत्या चलनाकडून मोजले ते बातमीत लिहायला हवे.) ‘सरकारने अवमूल्यन केले’ हे वाक्य व्याकरणाने निर्दोष असले तरी इतिहासाने अपुरे आहे. १९६५ च्या युद्धानंतर परदेशी मदत आटली होती, त्याच वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता, अमेरिकेच्या गव्हावाचून शिधावाटप चालणे कठीण होते, आणि मदतीचा ओघ पुन्हा सुरू व्हायचा तर अवमूल्यन करा, असा जागतिक बँकेचा आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा आग्रह होता. तेव्हा ‘करावे लागले’ हेच अधिक खरे. त्यापुढे १९६६ चाही पाऊस कमी पडला, अपेक्षेइतकी मदत आली नाही, आणि चौथी पंचवार्षिक योजना बाजूला ठेवून १९६९ पर्यंत वार्षिक योजनांवर भागवावे लागले. १९९१ मध्येही तेच: आदल्या वर्षी आखाती संकटाने तेल महागले होते, परकीय गंगाजळी जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली, आणि १ व ३ जुलै अशा दोन टप्प्यांत रुपया खाली आणला गेला. त्या वेळी ‘दराचे समायोजन’ असा सौम्य शब्दही वापरला गेला; १९६६ ची बदनामी ‘अवमूल्यन’ या शब्दाला चिकटलेली होती, हे त्याचे एक कारण असावे.

कर्ता आणखी दूर गेलेला पाहायचा असेल तर पश्चिम व मध्य आफ्रिकेकडे पाहावे. तिथल्या अनेक देशांत चालणाऱ्या सीएफए फ्रँकची फ्रेंच फ्रँकशी जुळवणी १९४८ पासून हललेली नव्हती. जानेवारी १९९४ मध्ये सेनेगलच्या डाकार शहरात झालेल्या बैठकीत ती एकदम निम्म्यावर आली: एका फ्रेंच फ्रँकला पन्नासऐवजी शंभर. निर्णयावर त्या देशांचे शिक्कामोर्तब होते, दबाव फ्रान्सचा आणि नाणेनिधीचा होता. माली किंवा बुर्किना फासोचा कापूस परदेशात विकून येणाऱ्या पैशांचे स्थानिक चलनात दुप्पट फ्रँक होऊ लागले, तर आयात केलेल्या तांदळासाठी आणि औषधांसाठी दुप्पट फ्रँक मोजण्याची वेळ शहरातल्या पगारदारावर आली. त्याच्या दृष्टीने अवमूल्यन ‘झाले’. आपल्या सरकारी मराठीतला लाडका ‘करण्यात आले’ हा प्रयोग अशा ठिकाणी चपखल बसतो, कारण त्यात कर्ता सांगावाच लागत नाही.

थायलंडचे उदाहरण मात्र अवमूल्यनात बसवू नये. २ जुलै १९९७ रोजी तिथल्या मध्यवर्ती बँकेने बाटचा नवा दर ठरवला नाही. बांधलेला दर सोडून दिला. डॉलरमागे २५ च्या आसपास असलेला बाट जानेवारी १९९८ मध्ये डॉलरमागे ५० च्याही पलीकडे गेला, आणि कमाई बाटमध्ये व कर्ज डॉलरमध्ये असलेल्या कंपन्यांच्या डोक्यावरचे ओझे स्थानिक चलनात दुपटीहून अधिक झाले, नवे कर्ज एक पैशाचेही न काढता. ही घसरण; फार तर ‘दर मोकळा सोडला’ असे लिहावे.

आजच्या रुपयासाठी ‘घसरला’ हा शब्द पुरेसा आहे, पण रिझर्व्ह बँक डॉलर विकून त्याला अधूनमधून सावरत असते, आणि कधी हात आखडता घेते. ती हात आखडता घेते त्या दिवशी मराठीत ‘रुपया घसरू दिला’ अशी नेमकी रचना तयार आहे. बातमीदार ती फारशी वापरत नाहीत, याचे मला नवल वाटते.

राहता राहिला ‘नैतिक मूल्यांचे अवमूल्यन’ हा भाषणांतला प्रयोग. तिथे कोणी दर बांधलेला नसतो आणि निर्णयही घेतलेला नसतो, तेव्हा काटेकोरपणे पाहता ‘ऱ्हास’ किंवा ‘घसरण’ हवे. पण लक्षणेने तो आता इतका रुळला आहे की त्यावर लाल रेघ मारण्यात अर्थ नाही.