अबोल मुलीला पोर्ट्रेट फोटोग्राफी जमेल का?

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला आहे. सतत माणसांचे चेहरे टिपते, पुढे पोर्ट्रेट फोटोग्राफीच करायची म्हणते. पण ती फार अबोल आहे, अनोळखी माणसाच्या नजरेला नजर देताना गांगरते. सायन्स वाया जाईल, असं तिच्या बाबांना वाटतं. काय करावं? – एक आई, संगमनेर

उत्तर : ताई, बाबांना गौतम राजाध्यक्षांबद्दल सांगा. मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये ते रसायनशास्त्र शिकले, मग लिंटास या जाहिरात कंपनीत रमले आणि पुढे सिनेतारकांचे चेहरे टिपणारे नामवंत छायाचित्रकार झाले.

अबोलपणावर मात्र सविस्तर बोलायला हवं. पोर्ट्रेट बघताना आपण आधी डोळे बघतो, म्हणून फोकस कॅमेऱ्याला जवळ असलेल्या डोळ्यावर धरतात. ८५ मिमीच्या लेन्सने एफ १.८ वर, म्हणजे लेन्सचं छिद्र बरंच उघडं ठेवून, दीड मीटरवरून फोटो काढला, तर जेमतेम तीन सेंटिमीटर खोलीचा भाग स्पष्ट येतो; डोळा नेमका आला की कान धूसर. बुबुळातला प्रकाशाचा ठिपका खिडकीशी बसवूनही मिळतो. हे तंत्र ती पटकन शिकेल. पण समोरच्याला भरवसा वाटेपर्यंत त्याची नजर आखडलेली असते, आणि ती कुठल्याही लेन्सने सैल होत नाही. खऱ्या हसण्यात डोळ्यांभोवतीचा स्नायूही आकसतो, हे फ्रेंच डॉक्टर द्युशेन यांनी १८६२ मध्ये छायाचित्रांसह मांडलं होतं. नुसतं ‘स्माइल प्लीज’ म्हटलं की ओठ तेवढे हसतात.

तुमची मुलगी ऐकून घेणारी असेल, तर या कामात ते मोठं भांडवल आहे. नजरेची भीती सरावाने जाते. शेजारच्या आजी, ओळखीच्या भाजीवाल्या मावशी यांच्यापासून सुरुवात करू द्या. परवानगी घ्यायची, कॅमेरा पिशवीतच ठेवून आधी गप्पा मारायच्या. मग तो ट्रायपॉडवर लावून स्वतः शेजारी उभं राहायचं, म्हणजे दोघांची नजरभेट तुटत नाही. फोटोची प्रिंट त्यांना नेऊन द्यायचीच. महागडा कॅमेरा आत्ता नको. सेकंडहँड बॉडी आणि ५० मिमीची लेन्स पुरे.

बारावीनंतर सायन्सच्या मुलांनाही बीएफए अप्लाइड आर्टला, म्हणजे उपयोजित कलेच्या पदवीला, जाता येतं. तिथे फोटोग्राफी शिकवतात. मुंबईचं जे.जे. तुम्हाला माहीत असेलच. पदवीनंतर एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, गांधीनगरला, फोटोग्राफी डिझाइनमध्ये एम.डेस. ही पदव्युत्तर पदवी करता येते. निव्वळ पोर्ट्रेटवर घर चालायला वेळ लागतो, हे आधीच सांगते. सुरुवातीला अनुभवी फोटोग्राफरच्या हाताखाली लग्नांची कामं करावी लागतील. या कामांना कमी लेखू नका. इतके वेगवेगळे चेहरे एका दिवसात दुसरीकडे भेटत नाहीत. पुढे नटनट्यांचे पोर्टफोलिओ, कंपन्यांसाठीचे हेडशॉट (खांद्यापर्यंतचे चेहऱ्याचे फोटो) अशी कामं असतात.

राज्यातल्या कला महाविद्यालयांसाठी एमएएच-एएसी सीईटी ही प्रवेश परीक्षा असते. तिच्यात वस्तुचित्र, स्मरणचित्र काढावं लागतं आणि सायन्सची मुलं तिथेच अडखळतात. बोर्डाचा अभ्यास सांभाळून रोज अर्धा तास पेन्सिल हातात घ्यायला तिला आजपासूनच सांगा.