पिंगचे आकडे कसे वाचावेत?

प्रश्न : वाय-फायवरून राउटरला पिंग (उत्तर किती वेळात येते ते मोजणारा छोटा संदेश) केल्यावर बहुतेक उत्तरे २-३ मिलिसेकंदांत येतात, पण मध्येच एखादे ९० किंवा १४० मिलिसेकंद घेते. राउटर बदलावा का?

उत्तर : एवढ्यावरून राउटरला दोषी ठरवू नये. वाय-फायवर एकच चॅनेल सर्व उपकरणांना आळीपाळीने वापरावे लागते, न पोहोचलेले पॅकेट (माहितीचा तुकडा) पुन्हा पाठवले जाते, आणि वीज वाचवण्यासाठी उपकरणाचा रेडिओ काही क्षण झोपला असेल, तर ॲक्सेस पॉइंट (वाय-फाय पुरवणारे उपकरण, घरी बहुधा राउटरच) त्याचे पॅकेट राखून ठेवतो. ते आल्याची वर्दी पुढच्या बीकनमधून, म्हणजे ॲक्सेस पॉइंटच्या ठरावीक काळाने येणाऱ्या सूचनेतून मिळते, आणि बीकन साधारणपणे दर १०२ मिलिसेकंदांनी येतो. म्हणून शंभराच्या आसपासच्या तुरळक उड्या बऱ्याचदा निरुपद्रवी असतात. तोच संगणक केबलने जोडून निदान शंभर पिंग पाठवून पाहा. सगळी उत्तरे १ मिलिसेकंदाच्या आत आली, तर दोष बिनतारी टप्प्यात आहे. केबलवरही उड्या दिसल्या, तर राउटरऐवजी त्याच स्विचवरच्या (केबल एकत्र जोडणाऱ्या पेटीवरच्या) दुसऱ्या संगणकाला पिंग करावे, कारण अनेक राउटर स्वतःला आलेल्या पिंगला सवडीने उत्तर देतात, पण इतरांची पॅकेट्स मात्र विनाविलंब पुढे पाठवतात. सरासरीपेक्षा मी उत्तरांमधला चढउतार आणि हरवलेली पॅकेट्स आधी पाहतो.

प्रश्न : पहिलेच पिंग नेहमी उशिरा का येते?

उत्तर : समोरच्या यंत्राचा मॅक पत्ता (त्याच्या नेटवर्क कार्डाचा पत्ता) आधी एआरपीने, म्हणजे आयपी पत्त्यावरून मॅक पत्ता शोधण्याच्या पद्धतीने विचारावा लागतो. पुढची उत्तरे वेळेवर येत असतील, तर हे सोडून द्यावे.

प्रश्न : ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ म्हणजे समोरचा संगणक बंद आहे असे समजावे का?

उत्तर : नाही. संगणक सुरू असूनही त्याची फायरवॉल (नको ती पॅकेट्स रोखणारी यंत्रणा) पिंग अडवत असू शकते. ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’ हा संदेश तुमच्याच आयपी पत्त्यावरून आला, तर मात्र एआरपीलाच उत्तर मिळालेले नाही; मग केबल, पोर्ट आणि पत्ता तपासावा.

प्रश्न : पिंग १ मिलिसेकंदाहून कमी आहे, तरी फाइल कॉपी होताना वेग सेकंदाला ११ मेगाबाइटच्या वर जात नाही. असे का?

उत्तर : हा आकडाच बोलका आहे : तुमची जोडणी गिगाबिटऐवजी (सेकंदाला १००० मेगाबिट) १०० मेगाबिटवर चालत असावी, कारण ८ बिटांचा एक बाइट धरला तर १०० मेगाबिट म्हणजे जेमतेम १२ मेगाबाइट. केबलवरच्या गिगाबिटला तारांच्या चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोनच पुरतात. त्यामुळे केबलच्या टोकाच्या क्लिपमध्ये उरलेल्या दोन जोड्यांतली एखादी तार नीट बसली नाही, तरी बहुधा जोडणी तुटत नाही, फक्त वेग उतरतो. १५०० बाइटचे पॅकेट तारेवर चढवायला १०० मेगाबिटवर ०.१२ मिलिसेकंद लागतात आणि गिगाबिटवर ०.०१२, विंडोजच्या पिंगमध्ये तर मुळात ३२ बाइटच असतात, आणि १ मिलिसेकंदाखालचे सगळे ते एकसारखेच दाखवते. त्यामुळे हा दोष पिंगमध्ये उमटणारच नाही. नेटवर्क ॲडॉप्टरच्या ‘स्टेटस’ खिडकीत लिंकचा वेग पाहा आणि तो १०० असेल, तर आधी केबल बदला.