आधीच बांधून झालेल्या जिन्याला भिंतीच्या बाजूने स्कर्टिंगची फळी बसवायचीय, माप कसं घ्यायचं?

तुम्ही लिहिलंय की जिना आरसीसीचा आहे, ग्रॅनाइट बसून ३ वर्षं झाली, भिंतीकडचं स्कर्टिंग (भिंतीच्या तळाशी लागते ती पट्टी) तेव्हा राहूनच गेलं, आता लादी पुसताना भिंत काळी पडते आणि तोडफोड न करता एकसंध फळी लावायचीय. नाशिकला आमच्या रो हाउसमध्ये मी अगदी हेच केलंय, बहुतेक सगळं स्वतः, अडलं की शेजारच्या सुतारकाकांना विचारत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी एक गोष्ट, एका पायरीचं माप घेऊन तेच पुढे पुढे सरकवू नका. मी तेच केलं होतं, मधल्या पायरीची उंची ७ इंच, खोली १० इंच घेतली, पुठ्ठ्याचा साचा केला आणि ८ फुटी पट्टीवर तोच साचा सरकवत ७ पायऱ्या काढून कापल्या. जिन्यावर ठेवली तर चौथ्या पायरीला पाऊण इंचाची फट. मग प्रत्येक पायरी मोजली तर पहिली निघाली ६ इंच २ सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), कारण हॉलची फरशी जिन्याच्या कास्टिंगनंतर लागली आणि जमीन वर आली, बाकीच्यांतही २-३ सूत इकडेतिकडे. हे जवळपास प्रत्येक घरात असतं. चालताना कळत नाही पण एकसंध फळी लागली की लगेच दिसतं, शिवाय प्रत्येक पायरीची चूक पुढच्या पायरीत मिळत जाते. त्यामुळे टेप लागतो फक्त किती माल आणायचा ते काढायला, कापायच्या खुणा जिन्यावरूनच थेट फळीवर घ्यायच्या.

मालाचा हिशोब असा. ७ ला १० चा जिना असेल तर तिरक्यात एका पायरीला साधारण सव्वाबारा इंच जातात. आमचा खालचा टप्पा ९ पायऱ्यांचा, म्हणजे सव्वानऊ फुटांच्या आसपास, आणि शीट मिळते ८ बाय ४ ची, त्यामुळे एक जोड येणारच, तो मान्य करून टाका. रुंदीसाठी एक सरळ पट्टी नोझिंगच्या (पायरीची पुढे आलेली कड) टोकांवर तिरकी ठेवा आणि पट्टीच्या खालच्या कडेपासून पायरीच्या आतल्या कोपऱ्यापर्यंत ओळंब्यात अंतर मोजा, प्रत्येक पायरीला, आणि त्यातलं सगळ्यात मोठं घ्या. आमचं ७ इंच ६ सूत आलं (नोझिंग इंचभर पुढे असल्यामुळे हे रायझरपेक्षा, म्हणजे पायरीच्या उभ्या भागापेक्षा, जास्त येतं, घाबरू नका). हे उभं अंतर, फळी तिरकी बसते म्हणून त्याला ०.८२ ने गुणायचं, साधारण सहा इंच तीन सूत. त्यात नोझिंगच्या वर दिसायला हवेत ते ४ इंच मिळवले की साडेदहा इंचाची पट्टी झाली, ४ फुटी शीटमधून अशा ४ निघतात. तुमचा जिना जास्त उभा किंवा आडवा असेल तर ०.८२ बदलेल, एका पायरीची खोली भागिले तिरकं अंतर, एवढंच ते आहे.

फळी कसली हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीये तरी सांगतो, एमडीएफ अजिबात नको. रोज पोछा लागणार, खालची कड पाणी पिऊन सहा महिन्यांत फुगेल. मी १२ एमएमचा डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिळून केलेला) बोर्ड घेतला, प्रायमर मारून रंग लागतो, वाळवीची काळजी नाही. भिंतीला ओल असेल तर मात्र आधी ओल बंद करा, ओल्या भिंतीवर फळी लावून ती झाकू नका, मागे बुरशी वाढत राहते.

आता मार्किंग, इथे घाई करू नका, मला एका टप्प्याला अख्खी दुपार लागली आणि ती सत्कारणी लागली. अख्खी न कापलेली फळी भिंतीला टेकवून नोझिंगांवर ठेवा. ती दोनतीन उंच पायऱ्यांवर टेकेल, बाकी ठिकाणी फट राहील, राहू दे, फक्त हलू नये म्हणून पुठ्ठ्याचे तुकडे घाला आणि मास्किंग टेपने भिंतीला धरून ठेवा. ही फळी शेवटी सरळ खाली, ओळंब्यात, ७ इंच ६ सूत उतरणार आहे एवढं डोक्यात ठेवा, मग पुढचं सगळं आपोआप कळतं. नेमकी तेवढ्याच लांबीची एक काठी कापा. ती काठी प्रत्येक ट्रेडवर (पाय ठेवतो तो आडवा भाग) फळीला चिकटून उभी करायची, वरच्या टोकाला पेन्सिलची खूण, एकदा आत, वरच्या पायरीच्या नोझिंगच्या अगदी पुढे (त्याच्या खाली काठी उभी मावत नाही), आणि एकदा पुढे ट्रेडच्या स्वतःच्या नोझिंगजवळ, दोन्ही खुणा जोडून रेघ आत रायझरपर्यंत वाढवली की ट्रेडची रेघ मिळाली. ट्रेड थोडा उताराचा असेल तर तो उतारही त्यात येतो, म्हणून इथे स्पिरिट लेव्हलने आडवी रेघ मारायची नाही.

रायझरच्या रेघेला मात्र लेव्हल लागते. फळी सरळ खालीच जाणार म्हणजे रायझर आडव्या दिशेने सरकत नाही, तो फक्त उभा वर न्यायचा. नोझिंग आडवं येतं म्हणून लेव्हल नोझिंगच्या टोकाला लावून आधी ती उभी रेघ मारा, मग नोझिंग रायझरच्या किती पुढे आलंय ते त्याच पायरीवर मोजून तेवढी मागे दुसरी रेघ. आमचे रायझर थोडे कललेले होते, तेव्हा वर आणि खाली अशा दोन जागी मोजा. नोझिंगचा गोल आकार जाड पुठ्ठ्यावर कापून घ्या, पायरीवर ठेवून बघत बघत कातरा, नीट बसला की तो ट्रेडच्या रेघेला आणि टोकाच्या रेघेला लावून फळीवर काढा. हा साचा बाकी पायऱ्यांना चालतो कारण गोलाई मशीनने मारलेली असते, तरी दोनतीन ठिकाणी लावून बघाच.

कापायला जिगसॉ, रेघेच्या बाहेरून साधारण अर्धा सूत ठेवून, मग कानस आणि पॉलिश पेपरने रेघेपर्यंत या. जोड नोझिंगच्या टोकावरून सरळ उभा वर न्या, तिथे फळी सगळ्यात अरुंद असते आणि नजर तिथे अडकत नाही, दोन्ही तुकड्यांच्या कडा ४५ अंशात एकमेकांवर चढवल्या तर पुढे फट उघडली तरी भिंत दिसत नाही.

बसवताना बऱ्याच जणांचं इथे अडतं. फळीचा जो भाग नोझिंगच्या खाली जातो तो सरळ वरून उतरत नाही, नोझिंगला आपटतो. फळी आधी इंचभर पुढे, म्हणजे उताराच्या दिशेला धरून खाली उतरवा आणि मग मागे रायझरकडे ढकला, बरोबर आत जाते. चिकटवण्याआधी हे दोनदा सुकं करून बघा. भिंतीवर डिस्टेंपर असेल तर तिथली पट्टी खरवडून प्लास्टर उघडं करा, नाहीतर अधेसिव्ह डिस्टेंपरला धरतं आणि डिस्टेंपरच भिंतीपासून सुटतो. मी कार्ट्रिजमधलं कन्स्ट्रक्शन अधेसिव्ह वापरलं आणि दर २ फुटांवर एक गिट्टी-स्क्रू (भिंतीच्या भोकात प्लास्टिकची गिट्टी, तिच्यात स्क्रू), डोकी आत दाबून पुट्टी. जिन्यात फुटलाइट असतील तर ड्रिल मारण्याआधी पाइप कुठून गेलाय ते इलेक्ट्रिशियनला विचारून घ्या, स्कर्टिंगच्या उंचीवरच तो असू शकतो. खाली ग्रॅनाइटला कागदाएवढी फट ठेवून त्यात सिलिकॉन भरा, म्हणजे पोछ्याचं पाणी मागे शिरत नाही. वरच्या कडेला भिंतीच्या पोटामुळे फट दिसेलच, प्लास्टर कुठेच सरळ नसतं, ती अॅक्रिलिक सीलंटने भरून त्यावर रंग.

एक सांगायचं राहिलं, हे सगळं सरळ टप्प्याचं झालं. तुमच्या जिन्यात वळणाच्या तिकोनी पायऱ्या असतील तर तिथे प्रत्येक पायरीचा उतार वेगळा होतो, एक काठी आणि एक फळी चालत नाही, प्रत्येकीचा वेगळा तुकडा काढावा लागतो. तसं असेल तर वळणाचा फोटो आणि त्या पायऱ्यांची भिंतीकडची रुंदी टाका, बघून सांगतो.