ब्रिटनमध्ये मेडिकलच्या मुलाखतीत नैतिक प्रश्न आला, तर मुलीने उत्तर कसं द्यावं?

ताई, लेकीला आधी एवढंच सांगा, की 'बरोबर उत्तर' शोधत बसू नकोस. ती विचार कसा करते, हे समोरचे बघत असतात. स्वायत्तता (रुग्णाचा स्वतः ठरवण्याचा हक्क), हित, अहित टाळणं, न्याय ही वैद्यकीय नीतीची चार तत्त्वं माहीत हवीत, पण पाढ्यासारखी म्हणून दाखवायची नाहीत.

हमखास येणारा प्रश्न घ्या : जेहोवाज विटनेस या ख्रिस्ती पंथाचा रुग्ण श्रद्धेपोटी रक्त घ्यायला नकार देतो. हुशार मुलं इथेच घसरतात, "मी त्यांना पटवेन" म्हणून मोकळी होतात. त्याऐवजी तिने स्वतःलाच प्रश्न विचारत जावं, तेही मोठ्याने. रुग्ण सज्ञान आहे का? रक्त न घेतल्यास काय होईल, हे त्याला नीट कळलंय का? खोलीत नातेवाईक असतील, तर त्याच्याशी एकट्याशी बोलता येईल का? रक्ताशिवाय दुसरा उपाय आहे का? एवढं करूनही तो नाही म्हणाला, तर तो नकार मानावा लागतो, जीव जाणार असला तरी. हे म्हणताना तिला त्रास झाला, तर तो लपवू नये.

मग परीक्षक म्हणतील, "रुग्ण पंधरा वर्षांचा असता तर?" ब्रिटनमधल्या गिलिक खटल्याच्या १९८५च्या निकालानुसार, पुरेशी समज असलेलं सोळाच्या आतलं मूलही उपचाराला संमती देऊ शकतं. जीव वाचवणारा उपचार नाकारला, तर मात्र न्यायालय तो नकार बाजूला ठेवू शकतं. तेव्हा "वरिष्ठांना लगेच विचारेन" हे बिनधास्त म्हणावं.

घरी रोज एक प्रसंग द्या आणि तिला मध्ये न तोडता बोलू द्या.